‘नाही’ म्हटले तर काय?

२० जुलै २००९. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाच्या आवारात खास उभारलेल्या न्यायालयात २६/११ च्या हल्ल्याचा खटला नेहमीसारखा सुरू झाला होता. शंभरावर साक्षीदार तपासून झाले होते. अशात अजमल कसाब उठला आणि आपल्याला गुन्हा कबूल करायचा आहे, असे त्याने सांगितले. त्याच्या वकिलांनाही याची कल्पना नव्हती. मे महिन्यात ८६ आरोप वाचून दाखवले गेले, तेव्हा याच माणसाने ते नाकारले होते.

विशेष न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी यांनी त्याचे म्हणणे लिहून घेतले. आताच का कबूल करतोस, कोणाचा दबाव आहे का, हेही विचारले. दबाव नाही, असे तो म्हणाला. त्या दिवशी टीव्हीसमोर बसलेल्या अनेकांना वाटले, संपला खटला. न्यायाधीशांना तसे वाटले नाही. कसाबच्या निवेदनात काही आरोपांची कबुली होती, काही कृत्ये तो मेलेल्या साथीदारावर ढकलत होता. ही कबुली अर्धवट आहे, हे विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीही निदर्शनास आणले. न्यायालयाने निवेदन नोंदीवर ठेवले आणि साक्षीपुरावा पुढे चालू ठेवला. डिसेंबरमध्ये कसाब फिरला. आधीचे सगळे आपल्याकडून वदवून घेतले, असे तो म्हणू लागला. जुलैतल्या कबुलीवर निकाल दिला असता, तर या एका वाक्याने त्या निकालावर कायमचा डाग पडला असता. मे २०१० मधला निकाल साक्षीपुराव्यावर उभा होता. म्हणूनच २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला.

ही सावधगिरी ताहिलियानींची एकट्याची नव्हती, तिला मुंबईतलीच जुनी परंपरा होती. १९०६ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे चिनिया भिका कोळी या आरोपीचा खटला आला होता. ज्या गुन्ह्यात फाशी होऊ शकते, तिथे आरोपीच्या नुसत्या ‘कबूल’ या शब्दावर त्याला दोषी ठरवण्याची इथली रीत नाही, असे न्यायालयाने तेव्हा सांगितले. वकिली शिकणाऱ्या मुलांना हा दाखला आजही वाचायला मिळतो.

कसाबच्या त्या सकाळनंतर आठ महिन्यांनी, १८ मार्च २०१० रोजी, याच हल्ल्यातला दुसरा आरोपी शिकागोच्या न्यायालयात उभा राहिला. डेव्हिड हेडली. मुंबईत फिरून हल्ल्याच्या जागांची टेहळणी करणारा हाच. त्याने १२ आरोप कबूल केले आणि तिथे ती कबुली स्वीकारली गेली. तिच्यामागे लेखी करार होता. फाशीची मागणी होणार नाही, भारत, पाकिस्तान किंवा डेन्मार्कच्या हवाली केले जाणार नाही; बदल्यात हेडलीने तपासयंत्रणांना सगळे सांगायचे आणि साक्ष द्यायची. जानेवारी २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने अमेरिकेतून व्हिडिओवरून मुंबईच्या न्यायालयात साक्ष दिली, तीही या करारामुळेच.

गुन्हा एक, कबुल्या दोन. फाशीची भीती दोघांच्याही डोक्यावर होती. एकाची कबुली न्यायालयाने बाजूला ठेवली, दुसऱ्याची ‘स्वेच्छेची’ म्हणून मान्य झाली. मग स्वेच्छा मोजायची कशी?

या प्रश्नावर अमेरिकेत जितका खल झाला तितका क्वचितच कुठे झाला असेल, कारण तो देश कबुलीवरच चालतो. २०१२ च्या एका निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच नोंदवले आहे की, संघराज्याच्या न्यायालयांतील ९७ टक्के आणि राज्यांतील ९४ टक्के दोषसिद्धी कबुलीवर होतात. हॉलिवूडच्या चित्रपटांत दिसणारी ज्युरी प्रत्यक्षात फार थोड्यांच्या वाट्याला येते.

सुरुवात झाली अलाबामातल्या मोबील शहरातून. १९६६ साली एडवर्ड बॉयकिन या २७ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणावर दरोड्याचे पाच आरोप होते. सरकारी खर्चाने वकील मिळाला आणि तीनच दिवसांनी त्याने पाचही गुन्हे कबूल केले. न्यायाधीशांनी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. तोही काही बोलला नाही. शिक्षा झाली फाशीची, पाचही आरोपांत. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि सांगितले की, कोऱ्या नोंदवहीतून स्वेच्छा सिद्ध होत नाही. स्वतःविरुद्ध न बोलण्याचा, ज्युरीसमोर खटला चालवून घेण्याचा आणि साक्षीदारांना समोरासमोर प्रश्न विचारण्याचा, असे तीन हक्क आरोपी सोडून देत असतो. ते समजून उमजून सोडले, हे नोंदीत दिसले पाहिजे. तेव्हापासून अमेरिकी न्यायाधीश भर कोर्टात आरोपीशी थेट बोलतात. शिक्षण किती, आज कुठले औषध घेतले आहे का, वकिलाशी बोललास का, कोणी काही आश्वासन दिले आहे का, असे एकेक विचारत जातात.

पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, रॉबर्ट ब्रेडीच्या खटल्यात या मोजपट्टीची लांबी ठरली. आरोप अपहरणाचा होता आणि तेव्हाच्या कायद्याप्रमाणे खटला ज्युरीपुढे गेला तरच फाशीचा धोका होता. सहआरोपीने कबुली दिली, मग ब्रेडीनेही दिली. फाशीच्या भीतीने कबूल केले म्हणून ती कबुली सक्तीची ठरते का? न्यायालय म्हणाले, नाही. थेट परिणामांची जाणीव असेल आणि धमकी, फसवणूक किंवा मुळातच गैर असे आमिष नसेल, तर कबुली स्वेच्छेची. हेडलीची कबुली याच मापाने बसते.

हे माप किती आखूड आहे, ते आठ वर्षांनी पॉल हेजच्या प्रकरणात दिसले. केंटकीतल्या या माणसावर ८८ डॉलर ३० सेंटचा बनावट चेक वटवल्याचा आरोप होता. सरकारी वकिलाने सांगितले, कबूल कर, पाच वर्षांची शिक्षा मागतो. नाहीतर तुझे जुने दोन गुन्हे काढून सराईत गुन्हेगाराच्या कायद्याखाली नवे आरोप ठेवतो, मग जन्मठेप. हेजने ‘नाही’ म्हटले. त्याला जन्मठेप झाली. १९७८ साली पाच विरुद्ध चार मतांनी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. म्हणणे असे की, सरकारी वकिलाच्या हातात जे कायद्याने आहे, तेच तो बोलण्यात वापरत होता.

इथेच या कसोटीतली चूक उघडी पडते. आरोपीच्या मानेवर बेकायदा हात कोणी ठेवला होता का, एवढेच ती विचारते. ‘नाही’ म्हटले असते तर या माणसाचे काय झाले असते, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो. ८८ डॉलरच्या चेकसाठी पाच वर्षे की जन्मभर, अशा तराजूत उभे केलेल्या माणसाला मोकळी निवड होती, असे म्हणणे भाषेवरही अन्याय करते.

अमेरिकी न्यायालयांनी नंतर काही बाबतींत हात सैल केला, हेही सांगायला हवे. होंडुरासमध्ये जन्मलेले, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेकडून लढलेले होसे पडिला यांनी गांजाच्या वाहतुकीचा गुन्हा कबूल केला, कारण इतकी वर्षे इथे राहिल्यावर देशाबाहेर काढले जाण्याची काळजी नको, असे वकिलाने सांगितले होते. तो सल्ला साफ चुकीचा होता. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, कबुलीमुळे हद्दपारी ओढवू शकते हे सांगणे वकिलाचे कर्तव्यच आहे. व्हिसावर तिकडे राहणाऱ्या मराठी मुलांनी आणि इकडे बसलेल्या त्यांच्या आईवडिलांनी हा निकाल लक्षात ठेवावा. ‘दंड भरून मोकळा हो’ हा मित्राचा सल्ला तिथे फार महाग पडू शकतो.

निरपराध माणूस गुन्हा कशाला कबूल करेल? हा प्रश्न नेहमी येतो, आणि प्रामाणिकपणे येतो. त्याचे सर्वांत वेदनादायक उत्तर ब्रिटनच्या पोस्टाने दिले आहे. १९९९ पासून तिथल्या टपाल कचेऱ्यांत ‘होरायझन’ ही संगणकप्रणाली आली. हिशेबात नसलेली तूट ती दाखवू लागली आणि गावोगावचे पोस्टमास्तर चोर ठरू लागले. २०१५ पर्यंत पोस्टाने स्वतःच सातशेहून अधिक जणांना दोषी ठरवून घेतले. हॅम्पशरमधल्या एका खेड्यातल्या जो हॅमिल्टन त्यातल्याच. त्यांच्यावर सुमारे ३६ हजार पौंडांच्या चोरीचा आरोप होता. खोटे हिशेब लिहिल्याचे कबूल करा, पैसे भरा, होरायझनला दोष देऊ नका, मग चोरीचा आरोप मागे घेतो, असा प्रस्ताव आला. चोरीत तुरुंग समोर दिसत होता. त्यांनी कबुली दिली. गावकऱ्यांनी वर्गणी काढून पैसे भरायला मदत केली.

भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा यांनीही खोट्या हिशेबाचा आरोप कबूल केला, पण चोरी नाकारली आणि ज्युरीला सामोऱ्या गेल्या. २०१० साली त्यांना पंधरा महिन्यांची कैद झाली. तेव्हा त्या गरोदर होत्या. लढणारीला तुरुंग, वाकणारीला घर. दोघीही निर्दोष. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने ३९ जणांची दोषसिद्धी एकदम रद्द केली, त्यात या दोघी होत्या. पुढे २०२४ मध्ये संसदेला कायदा करून उरलेल्यांना मुक्त करावे लागले. यातल्या कबुल्यांच्या वेळी वकील होते, न्यायाधीश होते, कोणी बंदूक रोखलेली नव्हती. स्वेच्छेच्या साच्यात त्या कबुल्या चपखल बसत होत्या.

आता आपल्याकडे. भारतीय न्यायाधीशांनी हा धोका फार आधी ओळखला होता. महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अन्नभेसळीच्या एका खटल्यात, मुरलीधर मेघराज लोया प्रकरणात, न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७६ सालीच शिक्षेच्या अशा सौद्यांवर कोरडे ओढले. १९८० मध्ये गुजरातच्या कासमभाई शेख यांच्या प्रकरणात न्या. भगवती यांनी कबुलीच्या सौद्यातून आलेली दोषसिद्धी रद्द केली. लांबलचक खटल्याच्या धास्तीने निरपराध माणूसही हलकी शिक्षा पत्करेल, ही त्यांची चिंता होती. १९८३ च्या थिप्पेस्वामी प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. हलक्या शिक्षेच्या भरवशावर कबुली घ्यायची आणि मग अपिलात शिक्षा वाढवायची, हा संविधानाच्या अनुच्छेद २१ चा भंग आहे, असे त्याने सांगितले.

तरीही ५ जुलै २००६ पासून प्ली बार्गेनिंग, म्हणजे कबुलीच्या बदल्यात हलक्या शिक्षेचा सौदा, आपल्या कायद्यात आले. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरते, आणि स्त्रिया किंवा लहान मुलांविरुद्धचे गुन्हे वगळून. त्याचा मसुदा मात्र विचारपूर्वक केलेला आहे. अर्जासोबत शपथपत्र लागते आणि न्यायाधीशाने बंद खोलीत, समोरचा पक्ष हजर नसताना, आरोपीला विचारायचे असते की हे तू स्वतःहून करतो आहेस ना. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने यात मुदत घातली. आरोप निश्चित झाल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा. पहिल्याच गुन्ह्यात सापडलेल्याला किमान शिक्षेच्या एक चतुर्थांश, आणि किमान शिक्षा ठरलेली नसेल तिथे शिक्षेच्या एक षष्ठांश, इतकीच शिक्षा होऊ शकते. सवलत मोठी, वेळ थोडा. तुरुंगात असलेल्या माणसाला तीस दिवसांत वकिलाशी दोनदा धड बोलता आले तरी पुष्कळ.

पण खरी गोष्ट कायद्याच्या या तरतुदीत नाहीच. आपल्याकडे हा मार्ग फारच थोडे आरोपी वापरतात. कबुल्या होतात त्या साध्या, जुन्या पद्धतीने. आरोप वाचून दाखवला जातो, ‘गुन्हा कबूल आहे काय?’ असा प्रश्न येतो, आरोपी मान हलवतो आणि छापील नमुन्यात एक शब्द भरला जातो.

या ठिकाणी आपल्या कायद्यात मोठी विसंगती आहे. तपासादरम्यान आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे कबुलीजबाब द्यायचा असला, तर कायदा केवढी काळजी घेतो! तुझ्यावर बोलण्याचे बंधन नाही, बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरले जाईल, हे सांगावे लागते. स्वेच्छेची खात्री पटेल असे प्रश्न विचारावे लागतात, खाली तसे प्रमाणपत्र लिहावे लागते आणि त्याने नकार दिला तर त्याला पुन्हा पोलिस कोठडीत धाडता येत नाही. कसाबचा फेब्रुवारी २००९ मधला कबुलीजबाब घेताना मुंबईच्या दंडाधिकाऱ्यांनी त्याला विचार करायला काही दिवसांचा अवधी दिला होता. हा जबाब म्हणजे शेवटी पुराव्याचा एक तुकडा, पुढे खटला चालायचाच असतो. आणि ज्या ‘कबूल’ने खटलाच संपतो, त्याबद्दल कायदा काय म्हणतो? न्यायाधीश ते नोंदवील आणि स्वविवेकाने दोषी ठरवू शकेल. बस. त्यानंतर शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतेच अपील उरते.

महंत कौशल्या दास यांच्या प्रकरणात साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की, कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत लिहिली पाहिजे. नियम सोपा आहे आणि तो पाळला गेला तर बरेच काही वाचेल. ‘मोबाईल माझ्याकडे सापडला, पण तो मी विकत घेतला होता’ हे वाक्य आणि ‘होय’ हा शब्द यांत एका माणसाच्या आयुष्याचे अंतर आहे.

समजा, धुळ्याकडून कामासाठी मुंबईत आलेला एक तरुण आहे. मोबाईल चोरीचा आरोप, जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षे. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार नाही. ज्याच्याकडे कागदपत्रे आहेत असा कोणी या शहरात त्याला ओळखत नाही. आठ महिने आत गेले. एक दिवस बरोबरचे कैदी सांगतात, कबूल करून टाक, जेवढी काढली तेवढीच शिक्षा देतात, संध्याकाळी बाहेर. नाही म्हटलास तर पुढची तारीख. तो कबूल करतो. कोणी धमकावले का? नाही. आमिष दाखवले का? तसे नाही. न्यायाधीशही मनाने चांगले आहेत, पोराला सोडावे असेच त्यांना वाटते. आणि तरी ही कबुली त्याच्या इच्छेतून आलेली नाही. ती बंद दारातून आली आहे. पुढे एखाद्या कारखान्यात नोकरीला गेल्यावर पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होईल, तेव्हा ‘चोरीत शिक्षा’ हे शब्द त्याच्यासमोर येतील.

हा तरुण काल्पनिक आहे, पण त्याच्या जागी उभी असलेली गर्दी खरी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या ५ लाख ७३ हजार २२० कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२ कच्चे कैदी होते. दर चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. ज्यांना ‘गुन्हा कबूल आहे काय?’ हा प्रश्न तुरुंगाच्या गाडीतून उतरवून विचारला जातो, ते हेच लोक. फाशीच्या आरोपीबाबत १९०६ पासून पाळलेली सावधगिरी त्यांच्या वाट्याला येत नाही, कारण त्यांची शिक्षा लहान आहे असे आपण धरून चालतो.

न्यायालयांवरचा भार खरा आहे. सिग्नल तोडल्याचा दंड लोक अदालतीत भरून कोणी मोकळा होत असेल, तर त्याची तासभर उलटतपासणी करायची गरज नाही. ज्याने खरोखर गुन्हा केला आहे आणि ज्याला तो मान्य करून पुढे जायचे आहे, त्याला शिक्षेत सूट मिळण्यातही काही वावगे नाही. पण आरोपी कोठडीतून आला असेल किंवा तुरुंगवासाची शिक्षा होणार असेल, तिथे वेगळी रीत हवी. त्यासाठी संसदेकडे जावे लागत नाही. दोषी ठरवावे की नाही, हा स्वविवेक न्यायाधीशाकडे आजही आहे आणि कनिष्ठ न्यायालयांनी वापरायचे नमुने ठरवण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे.

त्या छापील नमुन्यात पहिली नोंद कोठडीची हवी. किती दिवस आत आहे, जामीन मंजूर असूनही अडला आहे का, आणि अडला असेल तर कशामुळे. पहिल्याच गुन्ह्यातल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडावे, असे नव्या संहितेचे कलम ४७९ सांगते. चोरीच्या त्या तरुणाला आणखी चारच महिने उरले होते, हे त्याला कबुलीआधी कोणीतरी सांगितल्याची नोंद असावी. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील त्याला त्या दिवसाआधी एकदा तरी भेटला होता का, याचीही. शिक्षेशिवाय आणखी काय काय मागे लागेल, हे त्याला समजेल अशा भाषेत सांगावे. तपासाचे कागद नजरेखालून घालून, पुराव्यावर हा खटला मुळात उभा राहतो का, ते न्यायाधीशाने पाहावे. आणि या सगळ्यात क्रम महत्त्वाचा आहे. जो केवळ जामीनदार नाही म्हणून आत आहे, त्याला आधी जातमुचलक्यावर बाहेर सोडावे आणि पंधरा दिवसांनंतरची तारीख द्यावी. त्या तारखेला तो आपल्या पायांनी चालत येईल, तेव्हा विचारावे, गुन्हा कबूल आहे काय? मग तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे, अहिराणीत बोलला तर अहिराणीत.